खो नेमका केव्हा द्यायचा?

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकल्यानंतर रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील शारीरिक शिक्षणाच्या तासिकेसाठी एक जुना प्रश्न अधिकच मोलाचा ठरतो, तो म्हणजे धावणे, वळणे, सूर मारणे ही कौशल्ये सुटी करून रांगेत घोटवावीत की खेळातूनच शिकवावीत.

या प्रश्नाच्या मुळाशी निकोलाय बर्नस्टाइन हा सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ १९२०च्या दशकातच पोहोचला होता. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली त्याने छायाचित्रांत टिपल्या, तेव्हा घाव दर वेळी जवळपास त्याच जागी बसत असला, तरी खांदा, कोपर व मनगट यांचे कोन प्रत्येक वेळी बदलत असल्याचे दिसले. अर्थात कसबी हात ठरावीक हालचाल गिरवत नव्हता, तर तेच कोडे नव्याने सोडवत होता. खेळाधारित शिक्षणपद्धतीचे श्रेय १९८२ मध्ये ती मांडणाऱ्या बंकर आणि थॉर्प या इंग्लंडमधील शिक्षकांना दिले जाते व ते रास्तच आहे. परंतु ती का फळते, याचे कारण बर्नस्टाइनच्या हातोड्यात सापडते.

खो-खोत पाटीवरचे आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणाऱ्या नवव्याला मागे फिरता येत नाही की मधली पाटी ओलांडता येत नाही, संरक्षकाला मात्र दोन्हीची मुभा असते. त्यामुळे संरक्षक पलीकडे निसटताना त्याच्या खांद्याचा कल आणि पुढचे पाऊल पाहून, त्या बाजूला तोंड असलेल्या नेमक्या गड्याला पाठीमागून खो द्यावा लागतो, आणि हा निर्णय रांगेतल्या सरावात शिकता येत नाही, कारण तेथे हुलकावणी देणारे कोणी नसते.

तथापि मुलांना मैदानावर मोकळे सोडणे म्हणजे शिकवणे नव्हे. पूर्ण नियमांच्या खेळात मैदानावरील बारा जणांपैकी एका वेळी फार तर चौघे पळतात, आठ बसून राहतात आणि उरलेला वर्ग रेषेबाहेर ताटकळतो. म्हणून चार बसणारे, एक पाठलाग करणारा व एक संरक्षक अशा आखूड पाट्या शेजारी शेजारी आखून दर मिनिटाला भूमिका बदलणे श्रेयस्कर. कोकणात पावसाळ्यात मैदान चिखलाचे असताना हाच आखूड डाव सभागृहात मांडता येतो. फरशीवर सूर मात्र वर्ज्य ठेवावा आणि गुण वेळेवर दिलेल्या खोला द्यावेत.