डॅफ्नियाची साक्ष नेमकी कशाबद्दल?

आरओतून निघालेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम परत मिसळायचं आणि ते 'मिनरल' म्हणून विकायचं, हे आता सर्रास चालतं. अशा पाण्याचा दर्जा दाखवायला एक प्रयोग सहज सुचतो: एका भांड्यात नुसतं आरओचं पाणी, दुसऱ्यात खनिजं घातलेलं, आणि दोन्हींत डॅफ्निया सोडायचे. कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला हा काही मिलिमीटरचा पारदर्शक जीव. भिंगाखाली त्याचं धडधडतं हृदयही दिसतं. पहिल्या भांड्यातले मरतात, दुसऱ्यातले पोहत राहतात आणि बघणारा भारावतो. सिद्ध मात्र एवढंच होतं, की डॅफ्नियाला कॅल्शियम लागतं. तो वारंवार कात टाकतो आणि नव्या कवचासाठी पाण्यातूनच कॅल्शियम उचलतो. आपल्याला ते दुधातून, नाचणीतूनही मिळतं.

म्हणून खरी मेख तुलनेच्या पाण्यात आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 202 क्रमांकाच्या चाचणीत 24 तासांहून लहान पिल्लं 48 तास ठेवून निपचित पडलेली मोजतात; तुलनेच्या स्वच्छ पाण्यातच 10 टक्क्यांहून जास्त निपचित पडली, तर चाचणी बाद. खनिजं घातलेल्या पाण्याची तुलना तेवढ्याच कठीणपणाच्या पाण्याशी केली, तरच फरकाला अर्थ येतो. त्यातही एक गुंता आहे. मऊ पाण्यात लिटरला 0.1 मिलिग्रॅमहून कमी तांबंही डॅफ्नियाला लोळवू शकतं, पण कॅल्शियम वाढलं की तांब्याचा हा मारा सौम्य होतो. म्हणजे खनिजंच दोष झाकू शकतात! शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची माणसासाठीची तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. डॅफ्निया मेला म्हणजे पाणी आपल्याला विषारी, असंही नाही.

मग सरळ रासायनिक तपासणीच का नको? कारण प्रयोगशाळा जे शोधायला सांगितलं तेवढंच शोधते. जीव मात्र पाण्यातल्या साऱ्या मिश्रणाला एकदम प्रतिसाद देतो. राईन नदीवरच्या देखरेख केंद्रांत डॅफ्नियाच्या हालचालींवर यंत्रं नजर ठेवतात ती यासाठीच: हालचाल बिघडली, की पुढचा शोध रसायनशास्त्रज्ञांचा. उलट दिशेनं मात्र ही साक्ष लंगडी पडते. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार त्याची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम, त्याहून थोडं जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दात-हाडं बिघडतात, पण दोन दिवसांत डॅफ्नियाला त्याचा पत्ताही लागत नाही. जिवाणू तर त्याचं खाद्यच. तेव्हा पोहणाऱ्या डॅफ्नियाचं चित्र बाटलीवर छापण्याआधी विक्रेत्यानं फ्लोराइडचा आणि जिवाणूंचा अहवाल दाखवावा.