शिकारीची गोडी

नांदेड जिल्ह्यातल्या तीन देवस्थानांच्या कथांत शिकार येते, आणि शिकारीविषयी तिघांचं मत काही जुळत नाही.

पहिलं स्थान नांदेड शहराजवळ गोदाकाठी, गुरुद्वारा शिकार घाट. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथेच त्यांची जीवनयात्रा संपली. शीख परंपरा सांगते की या घाटावर गुरूंनी एक ससा मारला. तो ससा म्हणजे पूर्वजन्मीचा सियालकोटचा भाई मूला खत्री. गुरू नानकांशी तो चुकीचा वागला होता, म्हणून अनेक योनींत फिरत होता. गुरूंच्या हातून मरण आलं आणि तो सुटला. इथे शिकार म्हणजे सावजाचा उद्धार.

दुसरं स्थान माहूर, जमदग्नींच्या कथेचं. सहस्रार्जुन राजा रानात शिकार करत हिंडत होता, हिंडताहिंडता जमदग्नींच्या आश्रमात पोचला, तिथे कामधेनूवर त्याची नजर गेली, आणि पुढे जमदग्नींच्या हत्येपासून परशुरामाच्या एकवीस मोहिमांपर्यंत सगळं रक्तच रक्त. भागवताने ही कथा सांगताना राजा शिकारीला निघाला होता हे आवर्जून नोंदवलं आहे. आपल्या पुराणांची ही जुनी खोड आहे. दशरथाने श्रावणाला मारलं ते शिकारीत, पांडूला शाप मिळाला तो शिकारीत, रामाची कुटी रिकामी झाली तीही एका हरणामागे धावल्यामुळे. राजा शिकारीला निघाला की ऐकणाऱ्याने समजून घ्यावं, आता काहीतरी बिघडणार.

तिसरं स्थान लोहा तालुक्यातलं माळेगाव. इथला खंडोबा स्वतःच शिकारी. घोड्यावर बसलेला, संगतीला कुत्रा. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. लोककथांत देव शिकारीच्या निमित्ताने बाहेर पडतो आणि धनगराच्या बाणाईत गुंततो. घरी वाण्याची म्हाळसा. इथे शिकारीत ना पाप आहे ना उद्धार. बाहेर पडायला ते एक चांगलं कारण आहे, आणि खरं सांगायचं तर शिकारीचं हे स्पष्टीकरण मला बऱ्याच विद्वानांच्या स्पष्टीकरणापेक्षा पटतं.

माणसाला शिकारीत आनंद का वाटतो, हा वाद आपल्याकडे लेखी स्वरूपात दोन हजार वर्षं तरी चालू आहे. मनूने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांची यादी दिली, तीत पहिलं नाव मृगयेचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर यावर चक्क खडाजंगी आहे. पिशुन नावाचा आचार्य म्हणतो, जुगारापेक्षा शिकार वाईट. रानात चोर असतात, शत्रू असतात, वणवा लागतो, वाट चुकते, तहान-भूक लागते, जीवही जातो. कौटिल्य त्याला उलटं उत्तर देतो. शिकारीने व्यायाम होतो, कफ-पित्त आणि मेद झडतो, स्थिर आणि पळत्या निशाण्यावर नेम बसतो, भ्यालेलं आणि चिडलेलं जनावर कसं वागतं ते कळतं. म्हणून जुगार जास्त वाईट. शिकार हे व्यसनच आहे, एवढं मात्र तोही नाकारत नाही.

हाच युक्तिवाद कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडी घातला आहे. पोट उतरतं, शरीर हलकं होतं, लोक उगाच याला व्यसन म्हणतात वगैरे. पण त्याआधी सेनापती विदूषकाला हळूच सांगतो की तू विरोध करत राहा, मी आपला महाराजांच्या मनासारखं बोलतो. शिकारीचं इतकं मुद्देसूद समर्थन कालिदासाने खुशामत म्हणून लिहिलं, हे ते समर्थन उद्‌धृत करणारे सहसा सांगत नाहीत.

राजांच्या शिकारीबद्दल आणखी एक मत अबुल फज़्लने नोंदवून ठेवलं आहे. ऐन-ए-अकबरीत तो म्हणतो की वरवर पाहणाऱ्याला बादशहाची शिकार म्हणजे मौज वाटते, पण त्या निमित्ताने बादशहा न कळवता मुलखात जातो, रयतेची आणि महसुलाची हालहवाल स्वतः बघतो. इथे शिकारीचा आनंद बाजूलाच राहतो. शिकार म्हणजे दौरा. मराठवाडा ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होता, तिथे या दौऱ्याला तमाशाचं रूप आलं. सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी नावाजलेले होते. १९०२ साली लॉर्ड कर्झन वरंगळ भागात शिकारीला आला, तेव्हा राजा दीनदयाळ यांनी काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. साहेब, मेमसाहेब आणि समोर मेलेला वाघ. त्या वाघापर्यंत पोचायला किती हाकेकरी रानात ढोल-डबे बडवत चालले असतील, ते फोटोत नाहीत. १९८८ साली इतिहासकार जॉन मॅकेन्झी यांनी साम्राज्य आणि शिकार यांच्या संबंधावर पुस्तकच लिहिलं. वाघ मारणं म्हणजे हा मुलूख कोणाचा ते दाखवणं, असा त्याचा रोख. अर्थात साहेबाची शिकार कधीकधी भलतंच काही देऊन जाते. कॅप्टन जॉन स्मिथ १८१९ साली वाघाच्या मागे निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली.

या सगळ्या वादात एक गोष्ट खटकते. बोलणारे सगळे असे, ज्यांची चूल शिकारीवर पेटत नव्हती.

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या पट्ट्यात ज्यांची चूल शिकारीवर पेटत होती ते पारधी. फासेपारधी, गावपारधी, चित्तेपारधी अशी त्यांच्यात बरीच पोटनावं आहेत. फासेपारध्याचं हत्यार साधं, तातीचे फासे ओळीने बांधलेली दोरी. काळविटांचा कळप कुठून येतो, कुठे पाणी पितो, दचकला तर कोणत्या बाजूला उधळतो, हे ओळखून फासे जमिनीलगत लावायचे आणि कळपाला हळूहळू तिकडे रेटायचं. जवळ जायला शिकवलेल्या गाईचा किंवा बैलाचा आडोसा. गाय चरतचरत पुढे जाते, तिच्या पोटाआड माणूस. हरणाला गाईची भीती नसते. तितरांसाठी छोटे फासे, पिंजऱ्यातला शिकवलेला तितर आणि हुबेहूब तितराची शीळ. चित्तेपारध्यांचं कसब वेगळं. ते चित्ता पकडून माणसाळवत आणि काळविटावर सोडत. कोल्हापूर संस्थानात ही शिकार विसाव्या शतकातही चालू होती. शेवटचे नोंदलेले तीन देशी चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी मारले आणि त्या विद्येचा प्रश्नच मिटला.

पारध्याला यात आनंद वाटत होता का? हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करण्याचा रस्ताही बंद झाला. बंदूकवाल्याचा छंद गेला, पारध्याचा धंदा गेला. कायद्याच्या लेखी दोघांचं नुकसान सारखंच. पहिल्याने कॅमेरा घेतला. दुसऱ्याच्या पालावर पोलीस येत राहिले. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा-वसतिगृह उभं केलं, ते या पार्श्वभूमीवर.

तरीही आनंदाचा प्रश्न उरतोच, कारण विदर्भात वाशीम-अकोल्याकडे 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोराचा शोध घेतला. तणमोर हा गवताळ माळावरचा अतिशय दुर्मीळ पक्षी. पक्षीतज्ज्ञांना जो वर्षानुवर्षं दिसत नाही, तो माग काढणाऱ्यांना गवताच्या हालचालीवरून कळतो. त्या कामात मारणं कुठेच नाही, पण पाळत ठेवणं, वारा ओळखणं, तासन्‌तास दबा धरून बसणं हे सगळं आहे.

लातूरकडे हीच गोष्ट कुत्र्यांत दिसते. देवणी गाय लातूरची, लाल कंधारी नांदेडची, हे सगळ्यांना माहीत असतं. कारवानी कुत्रा मात्र माहीतगारांपुरता राहिला. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यासाठी ओळखलं जातं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, अंगावर चरबीचा पत्ता नाही. अंगावर लांब मऊ केस असलेल्याला पश्मी म्हणतात. याचाच मुधोळकडचा भाऊबंद मुधोळ हाउंड म्हणून देशभर गाजला. हे कुत्रं वासावर चालत नाही, नजरेवर धावतं. म्हणून ते मोकळ्या माळाचं जनावर. दाट रानात त्याचा उपयोग नाही. ससा उठला की कुत्रं सुटतं, ससा एकदम काटकोनात वळतो, कुत्रं वेगाने पुढे निघून जातं, परत वळतं. शौकीन लोक बोलतात ते या वळणांबद्दल. ससा हाती लागला की नाही, यावर बोलणं फार लवकर संपतं.

आता ससा मारणं गुन्हा आहे. कुत्री मात्र पाळली जातात. राखणीसाठी, शर्यतीसाठी आणि निव्वळ ऐटीसाठी. माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, त्यात घोडे, बैल, कोंबड्यांबरोबर कुत्रीही असतात. परीक्षक बांधा बघतात, चाल बघतात. ज्या कामासाठी तो बांधा घडला, ते काम सोडून बाकी सगळं बघतात.

स्पेनचा तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली एका शिकारी मित्राच्या पुस्तकाला लांबलचक प्रस्तावना लिहिली. शिकारीवरच्या चर्चेत आजही तिचाच दाखला दिला जातो. शिकारी मारण्यासाठी शिकार करत नाही, शिकार पुरी व्हावी म्हणून मारतो, अशी त्याची मांडणी. सावज निसटू शकतं म्हणून गोडी. निसटण्याची शक्यताच काढून टाकली तर उरतो तो खाटीकखाना. जानवळच्या कुत्रेवाल्याला हे कळायला स्पॅनिश पुस्तक लागणार नाही. मेंदूचा अभ्यास करणारेही साधारण तिकडेच बोट दाखवतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की डोपामिन स्रवणाऱ्या पेशी सरावानंतर प्रत्यक्ष बक्षिसाला नव्हे, तर बक्षीस येणार या खुणेला जास्त दाद देतात.

पण सगळ्यांना हे मान्य नाही. अमेरिकेत स्टीफन केलर्ट यांनी १९७० च्या दशकात शिकाऱ्यांचे तीन प्रकार पाडले. मांसासाठी जाणारे, वर्चस्वाच्या-खेळाच्या ओढीने जाणारे, आणि निसर्गात मिसळायला जाणारे. त्यांच्या पाहणीत तिसरा गट सर्वांत लहान निघाला. ओर्तेगाचं वर्णन बहुधा त्याच गटाला लागू पडतं. क्रिस्टन हॉक्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये आणखी खोचक मुद्दा मांडला. मोठं जनावर मारून आणणारा पुरुष ते सगळ्यांत वाटतो, घरात फार काही उरत नाही. मग तो लहान, खात्रीचं अन्न सोडून मोठ्याच्या मागे का लागतो? कारण सगळे बघतात. कर्झनच्या फोटोला हे स्पष्टीकरण चपखल बसतं.

माणूस लाखो वर्षं शिकारी होता म्हणून ही आवड रक्तातच आहे, हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतं. या मताचा विद्वत्तापूर्ण अवतार वॉशबर्न आणि लँकेस्टर यांचा, १९६८ च्या एका गाजलेल्या ग्रंथातला. गंमत अशी की त्याच ग्रंथात रिचर्ड ली यांनी कलाहारीतल्या लोकांची मोजमापं दिली आणि त्यांच्या पोटात जाणारं बहुतेक अन्न बायकांनी गोळा केलेलं, वनस्पतींचं निघालं. इकडे निजाम सरकारच्या काळात मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी नल्लमल्लाच्या डोंगरातल्या चेंचूंवर १९४३ साली पुस्तक लिहिलं. शिकारी म्हणून प्रसिद्ध असलेले हे लोकही मुख्यतः कंदमुळं आणि फळांवर जगत होते. हैमेनडॉर्फनी नंतर आदिलाबादच्या गोंडांवर लिहिलं. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, ते १९५६ साली नांदेडला आलं. तिथला गोंड तोवर नांगर धरणारा शेतकरी झालेला होता. रक्तात शिकार असेल तर तितक्याच हिशेबाने कंद खोदणंही असायला हवं, पण त्याचा अभिमान कोणी मिरवत नाही.

आज कंधार-लोहा-मुखेड-अहमदपूर भागात शिकारीची चर्चा होते ती सोयाबीन आणि तुरीच्या बांधावर. रानडुकरं एका रात्रीत एकरभर वाफे उपटतात, रोही उभ्या पिकात लोळतात, हरणांचे कळप कोवळे शेंडे खुडतात. माणसं मचाणावर जागलीला बसतात, डबे वाजवतात, फटाके फोडतात. काही जण तारेत करंट सोडतात आणि त्यात माणसंच मरतात. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली रानडुक्कर आणि रोही मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते. काळवीट पहिल्या अनुसूचीत. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद.

पैनगंगेपलीकडे यवतमाळात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली. तिच्या नावावर तेरा मृत्यू लावले गेले होते आणि मारण्याच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नव्हता. गोळी खासगी शिकाऱ्याने झाडली. गावांत पेढे वाटले गेले, फटाके फुटले. शहरांत मोर्चे निघाले. ज्याने गोळी झाडली त्याला त्या क्षणी मजा वाटली असेल का, यावर टीव्हीवर बरीच चर्चा झाली. पेढे वाटणाऱ्यांचा आनंद मात्र कोणी फारसा तपासला नाही. तो ना ओर्तेगाच्या व्याख्येत बसतो ना हॉक्सबाईंच्या. बायामाणसं दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला रानात जाऊ शकणार होती, म्हणून पेढे होते.

परवानगी मिळाली तरी रानडुकराचा प्रश्न सुटत नाही, कारण गावात परवान्याची बंदूक असलेला माणूस सापडत नाही. असलाच तर त्याचा नेम गेलेला असतो. ज्यांचा नेम आणि माग दोन्ही शाबूत होते, त्यांना आपण ते विसरायला पन्नास वर्षं दिली. बांधावरचा शेतकरी आता सरळ म्हणतो, कोणी मारणारा आणा, काडतुसाचे पैसे आम्ही देऊ. मारणाऱ्याला मजा येते की नाही, ते त्याचं तो बघेल.