पर्वतीच्या पायऱ्या आणि आतड्याचा कर्करोग

पुण्यात पहाटे पर्वतीच्या पायथ्याशी उभे राहून पाहा. शंभरावर पायऱ्या कोणी झपाझप चढतो, कोणी मध्येच टेकून दम घेतो. समजा, रोज पर्वती चढणाऱ्या तुमच्या आजोबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. घरचे लगेच म्हणतील, "आता पडून राहा, हालचाल नको!" सल्ला मायेचा खरा, पण तो बरोबर आहे काय?

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या अस्तरातील पेशी बेसुमार वाढू लागल्या की कर्करोग होतो. रोगट भाग शस्त्रक्रियेने काढतात आणि उरल्यासुरल्या पेशी मारण्यासाठी पुष्कळदा औषधे देतात. तरीही काहींचा रोग उलटतो.

व्यायामाने यात फरक पडतो का, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत एक प्रयोग सुरू झाला. शस्त्रक्रिया व औषधोपचार पूर्ण झालेले ८८९ रोगी त्यात होते. निम्म्यांना केवळ आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या. उरलेल्यांना तीन वर्षे व्यायामाचे मार्गदर्शनही मिळाले. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरातील सुमारे ८३, तर दुसऱ्या गटात सुमारे ९० रोगी हयात होते. लक्षात ठेवा, उपचार दोन्ही गटांना मिळाले होते. व्यायाम हा उपचाराचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

व्यायाम तरी किती? स्वस्थ बसलेले शरीर जी ऊर्जा खर्च करते तिला १ एकक म्हणू. भरभर चालताना सुमारे ४ एकके लागतात. प्रयोगात आठवड्याला १० एकक-तासांची भर घालायची होती. १० ला ४ ने भागा : अडीच तास! म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, रोज ५० मिनिटे चालणे.

पण हे हळूहळू आणि डॉक्टरांना विचारूनच. कारणे समजून घ्या. शस्त्रक्रियेनंतर पोटाची भिंत काही काळ कमकुवत असते. भरलेली बादली किंवा गॅसची टाकी उचलताना पोटातील दाब वाढतो आणि आतडे टाक्यांच्या जागी बाहेर डोकावू शकते. यालाच हर्निया म्हणतात. पोटावर मलविसर्जनासाठी छिद्र केले असेल, तर हा धोका अधिक. औषधांमुळे रक्तातील तांबड्या पेशी घटल्या तर लवकर धाप लागते, पांढऱ्या घटल्या तर गर्दीत जंतुसंसर्गाचे भय असते. काही औषधांनी तळपाय बधिर होतात. अशा वेळी पायऱ्यांपेक्षा सपाट रस्ता बरा. छातीत दुखणे, चक्कर, ताप किंवा रक्तस्राव झाल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे. प्रयोगातही व्यायाम करणाऱ्यांत स्नायू व सांध्यांच्या तक्रारी थोड्या अधिक आढळल्या.

करून पाहा : भरभर चालत मित्राशी बोला. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही? मग वेग मध्यम आहे. हीच कसोटी आजोबांनाही लावा.

आरंभी सारसबागेतील सपाट वाटेवर दहा मिनिटे पुरेत. पर्वती कुठे पळून जात नाही! आजोबांना एकटे मात्र सोडू नका. त्यांच्या पावलाने तुम्हीही चाला.