खडखड एकीकडे, दिवा दुसरीकडे

सकाळी ८.३०

साताऱ्यात गोडोलीकडच्या आमच्या गॅरेजचं शटर वर जायच्या आत दारात दोन गाड्या. एक तरुण आहे, रोज कासला ये-जा करतो. गाडी चढाला खडखडते, दिवा मात्र लागत नाही. दुसरे निवृत्त गुरुजी. त्यांच्या गाडीचा आवाज काही नाही, पण इंजिनचा दिवा पेटलेला, ॲव्हरेज घसरलेलं आणि चढाला जीवच नाही. मागणी दोघांची एकच: "मिस्त्री, नॉक सेन्सर बदला."

गुरुजींचा सेन्सर दुसऱ्या एका गॅरेजात आधीच बदललाय. दिवा आठवड्यात परत आला.

९.१५

आधी खडखडणारी गाडी. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पोचायच्या आत कडेचं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकलं की दाबाच्या लाटा भिंतीवर आपटतात, ती खडखड. सिलिंडरच्या व्यासावर तिचा सूर ठरतो: ८६ मिलिमीटरच्या बोअरला साधारण साडेसहा किलोहर्ट्झ, बोअर लहान तर सूर चढा. ब्लॉकला बोल्टने आवळलेल्या सेन्सरमध्ये पिझो सिरॅमिकची चकती आणि तिच्यावर धातूचं वजन असतं. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबतं आणि वीज तयार होते. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ती सतत ऐकत बसत नाही. पिस्टन वरून खाली वळल्यावर थोडा वेळच कान देतो, म्हणून कोणता सिलिंडर खडखडला तेही त्याला कळतं. मग त्या सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग काही अंश मागे घेतो आणि नंतर हळूहळू पुढे आणतो.

म्हणजे सेन्सर खडखड करत नाही, तिची चुगली करतो. एवढं कळलं तरी लोकांचे बरेच पैसे वाचतील.

११.००

यवतेश्वरचा घाट. तिसरा गिअर, आरपीएम कमी, पाय दाबलेला. हाताखालचा पोरगा स्कॅनर धरून शेजारी. खडखड आली की टायमिंग मागे जातं, पाय सोडला की सावरतं. सेन्सर ठणठणीत. पोराचं लक्ष दुसऱ्याच आकड्याकडे गेलं: "दादा, टेम्परेचर १०८!" वळणावर गाडी बाजूला घेतली. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे गच्च बसलेले. इंजिन तापलं की मिश्रण लवकर भडकणारच. ईसीयू टायमिंग मागे घेऊन घेऊन घेणार किती?

खाली आल्यावर रेडिएटर काढून धुवायला टाकला. पंखाही तपासला, तो ठीक होता.

१.३०

भाकरी, पिठलं. गुरुजी बाकावरच पेपर वाचत बसलेत.

२.००

गुरुजींच्या गाडीचा कोड पी ०३२७: सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल कमी. "सेन्सर खराब" असं तो कोड कुठेही म्हणत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, बोल्ट, कपलर, वायर, ईसीयू, सगळंच आलं.

अशा वेळी ईसीयूला सेन्सरचा भरवसा उरत नाही. तो टायमिंग कायमचं मागे ठेवतो. इंजिन वाचतं, पण पिकअप आणि ॲव्हरेज जातं. गुरुजींची तक्रार हीच.

या गाडीत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली ब्लॉकला आहे. गाडी वर घेतली की खालून हात पोचतो. कपलर काढून मीटर एसी मिलिव्होल्टवर लावला आणि ब्लॉकवर छोट्या पान्याने हलकं टकटक केलं. दर टोल्याला आकडा उडतो. सेन्सर जिवंत. पोरगा ओहम मोजू म्हणाला, पण त्यात हशील नाही. चकती विजेला जवळपास बंदच असते, काही सेन्सरांत मेगाओहमचा रेझिस्टर असतो. मीटर 'ओपन' दाखवतो आणि चांगला सेन्सर भंगारात जातो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीयूचा कपलर सोडला. सेन्सरचा कपलर परत लावला, मीटर ईसीयूच्या टोकाला धरला आणि ब्लॉकवर टकटक केली तर मीटर गप्प. म्हणजे दोष मधल्या वायरीत. दोन्ही तारा मात्र टोकापासून टोकापर्यंत बीप देत होत्या. इथेच पुष्कळ जण वायर ठीक म्हणून सोडून देतात. मी सिग्नलची तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यात मीटर लावला. तिथेही बीप! सिग्नल जाळीतून अर्थिंगला जात होता.

बॅटरीच्या मागे वायरीवरचं आवरण उंदराने कुरतडलं होतं. पावसाळ्यात गरम बॉनेटखाली त्यांचा मुक्काम असतोच. नुसती टेप गुंडाळून चालत नाही. शेजारच्या कॉइलची खरखर आत शिरते. खराब तुकडा कापला, तारा सोल्डर केल्या, जाळी पुन्हा जोडली, वरून स्लीव्ह चढवली.

सेन्सरचा बोल्टही सोडून पाहिला. खाली कुणीतरी स्प्रिंग वॉशर घातलेला! सेन्सर ब्लॉकला थेट टेकायला हवा; वॉशर, गंज, रंग, काही मध्ये नको. बूड पुसून २० न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने आवळला. पोराला वाटतं अजून एक आटा द्यावा. जास्त आवळला तरी सेन्सर नीट ऐकत नाही, ढिला राहिला तरी नाही.

५.३०

कोड पुसून पुन्हा घाट. जागेवर इंजिन चालवून खात्री होत नाही. बऱ्याच गाड्या लोड आणि आरपीएम चढल्यावरच हे सर्किट तपासतात. टायमिंग पुढे टिकलं, दिवा आला नाही. गुरुजी शेजारी बसून म्हणाले, "आता ओढतीये की ओ."

७.००

तरुणाचं बिल रेडिएटरच्या सफाईचं. गुरुजींचं वायर आणि मजुरीचं.

"आणि सेन्सर?"

"तुमचा आधीचाच चालू आहे."

"मग त्या आधी बदललेल्या सेन्सरचे पैसे कशाचे घेतले?"

"ते त्यांनाच विचारा, गुरुजी."