उजनीच्या पाण्यावरील होडी : वारा आणि निगा

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या कडेने यशवंतसागर हा विस्तीर्ण जलाशय पसरला. पलीकडच्या करमाळा तालुक्यात जाण्यास रस्त्याचा वळसा मोठा. त्यामुळे काठच्या गावांनी होडी जवळ केली. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी अशीच एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला.

मोकळ्या पाण्यावर वाऱ्यास आडोसा नसतो. पाहता पाहता लाटा उठतात. अशा वेळी होडीचे तोंड लाटांकडेच ठेवावे लागते. ती आडवी झाली की लाट काठावरून आत शिरते आणि तळाशी साचलेले पाणी एका अंगास धावून होडी अधिकच कलते. म्हणून निघण्यापूर्वी पाणी उपसणे, तळाच्या चिरा बुजविणे, यंत्र असले तरी वल्ही बरोबर घेणे, ही निगा किरकोळ समजू नये. उतारूंनी बसूनच राहावे. जीवरक्षक जाकीट अंगावर हवे, फळीखाली नव्हे.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे पुरातन मंदिर उघडे पडते. पाण्याखालची इतर जुनी बांधकामेही तेव्हा होडीच्या तळाशी येतात. वैशाखात दुपारनंतर ढग दाटले, तर फेरी रद्द करणेच इष्ट.