मदत घरी, मान व्यासपीठावर
पोलीस कुटुंबांसाठी परस्पर साहाय्य निधी : स्वरूप, कार्य आणि आपले कर्तव्य



खाकी गणवेश आपल्या समाजाला सहज मिळालेला नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महारांच्या परिषदेने ब्रिटिश सरकारकडे अर्ज पाठविला. लष्करात, पोलिसांत आणि सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर तरी आम्हांला घ्या, एवढीच त्यातली मागणी होती. पोलीस शिपाई होण्यासाठीही ज्या समाजाला अर्ज करावा लागला, त्याच समाजाच्या अनेक घरांत आज खुंटीवर पोलिसाचा पट्टा टांगलेला दिसतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या संविधानाचा हा प्रत्यक्ष परिणाम आहे. परंतु गणवेश घालणारा माणूस अकाली गेला, तर त्या घराचे पुढे काय होते याचा विचार समाज म्हणून आपण पुरेसा करीत नाही. तो व्हावा, यासाठी परस्पर साहाय्य निधी म्हणजे काय, तो कसा चालतो आणि दिवंगत सभासदांचा सन्मान कसा करावा, हे येथे समजावून सांगत आहोत.

स्मरण कोणाचे होते?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज या ठिकाणी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या गस्ती तुकडीवर चिनी सैनिकांनी हल्ला केला आणि दहा जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस ठरला. या दिवशी पोलीस मुख्यालयांत मानवंदना दिली जाते आणि मागील वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. २०१८ साली दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या चौतीस हजारांहून अधिक पोलिसांची नावे तेथे कोरण्यात आली.

महाराष्ट्राला तर हे दुःख फार जवळून माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांचे अनेक सहकारी धारातीर्थी पडले. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या सर्वांपुढे आपण नतमस्तक आहोत.

तथापि, पोलीस वसाहतीत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. सेवेत असताना जाणारा प्रत्येक पोलीस गोळीने जात नाही. सलग बंदोबस्त, रात्रपाळी, अवेळी जेवण, अपुरी झोप यांनी शरीर पोखरले जाते. कोणी हृदयविकाराने जातो, कोणी मधुमेहाने व मूत्रपिंडाच्या आजाराने, कोणी ड्युटीवरून घरी परतताना मोटारसायकलच्या अपघातात. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनानेही अनेक पोलिसांना नेले. आजाराने गेलेल्या शिपायाचे नाव दगडावर कोरले जात नाही. त्याच्या दारी मंत्री येत नाहीत. पण त्याच्या मुलांची शाळेची फी तेवढीच असते आणि सरकारी खोली रिकामी करण्याची नोटीसही तशीच येते. परस्पर साहाय्य निधीचे खरे काम या घरांसाठी आहे.

निधी कसा चालतो?

परस्पर साहाय्याची कल्पना साधी आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याच्या कुटुंबाने ते घ्यावे. त्याच्या दोन पद्धती रूढ आहेत.

पहिली पद्धत मृत्यूमागे वर्गणीची. समजा, पाचशे सभासद आहेत आणि एक सभासद वारला की प्रत्येकाने शंभर रुपये द्यायचे. कुटुंबाला पन्नास हजार रुपये मिळतात. हिशोब सोपा आहे, परंतु दोष असा की वर्गणी प्रसंगानंतर गोळा होते. घरात प्रेत असताना पैसे लागतात आणि ते हाती येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. शिवाय सभासदांचे वय वाढत जाते तसे मृत्यूही वाढतात. मग वर्गणीचा भार वाढतो, तरुण सभासद कुरकुरतात आणि नवे कोणी येत नाहीत.

दुसरी पद्धत दरमहा वर्गणीची. त्याच पाचशे सभासदांनी महिन्याला पन्नास रुपये दिले, तर वर्षाला तीन लाख रुपये जमतात. वर्षात चार सभासद वारले तर दोन लाख रुपये दिले जातील आणि एक लाख रुपये शिल्लक राहील. एखाद्या वाईट वर्षी आठ मृत्यू झाले तर चार लाख लागतील, ते मागच्या शिलकेतून भागविता येतील. यासाठीच राखीव निधीला हात लावू नये, सभागृहाच्या रंगरंगोटीसाठी किंवा सहलीसाठी तो खर्च करू नये, असा नियम असावा लागतो. आमच्या मते ही दुसरी पद्धत अधिक भरवशाची आहे. तिच्या जोडीला अंत्यविधीसाठी त्याच दिवशी देता येईल अशी छोटी रक्कम खजिनदाराच्या हाती रोख असावी.

निवृत्त बांधवांसाठी एक सूचना. वर्गणी पगारातून कापली जात असेल, तर पगार थांबला की कपात थांबते आणि सभासदत्व नकळत संपते. आजारपणाला सुरुवात होते ती नेमकी याच वयात. म्हणून निवृत्तीच्या महिन्यातच पुढील वर्गणी स्वतः भरण्याची व्यवस्था करावी.

कर्ज आणि जामीनदार

पोलीस बांधवांचा पतसंस्थेशी जवळचा संबंध असतो. मुलीचे लग्न, गावाकडचे घर, आजारपण यासाठी कर्ज काढले जाते आणि त्याला दोन सहकारी जामीन राहतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सभासदाने लिहून दिल्यास त्याचा हप्ता पगारातून कापून घेता येतो, त्यामुळे कर्ज सहज मिळते. पण कर्जदार वारला की बाकी रक्कम जामीनदारांच्या पगारावर येते. काल ज्यांनी खांदा दिला, तेच आज विधवा भगिनीच्या दारात हप्त्यासाठी उभे राहतात. यात त्यांचाही दोष नसतो, त्यांचीही घरे त्याच पगारावर चालतात.

हे टाळण्यासाठी अनेक पतसंस्था कर्जाच्या रकमेतून अल्प अंश कापून वेगळा निधी उभा करतात व मृत सभासदाचे कर्ज त्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत फेडतात. आपली पतसंस्था असा निधी ठेवते काय, आणि त्याची मर्यादा किती आहे, हे प्रत्येक सभासदाने कर्ज घेतानाच विचारावे.

संघटना आणि साहाय्य यांतील फरक

काही तरुण विचारतात की, कामगारांप्रमाणे पोलिसांनी संघटना करून हे सर्व सरकारकडूनच का मिळवू नये? त्यांनी मागील इतिहास जाणून घ्यावा. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना झाली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचे आंदोलन झाले, ते मोडून काढण्यात आले आणि संघटनेची मान्यता गेली. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घातलेल्या आहेत. त्याच कायद्यात निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या संस्थांचा वेगळा विचार केलेला आहे.

म्हणून आपल्यासारख्या धम्मकार्य व समाजकल्याण करणाऱ्या संस्थेचे महत्त्व अधिक आहे. मात्र तिचे स्वरूप स्वच्छ राहिले पाहिजे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली रीतसर नोंदणी, दरवर्षी हिशोब तपासणी, आणि राजकारणापासून अंतर, ही तीन पथ्ये पाळावीत. व्यासपीठ निवडणुकीसाठी वापरले गेले, तर त्याची झळ गणवेशातील सभासदाच्या नोकरीला लागते.

कागदपत्रे : घरातल्या घरात करावयाचे काम

निधी कितीही मोठा असला तरी कागद अपुरा असेल तर पैसा अडकतो. पुढील गोष्टींकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो.

एक : नामनिर्देशन. भरती होताना मुलगा अविवाहित असतो, आईचे किंवा भावाचे नाव लिहितो. पुढे लग्न होते, मुले होतात, पण फॉर्म तसाच राहतो. माणूस गेला की सासू-सुनेत वाद उभा राहतो. लग्नानंतर व प्रत्येक अपत्यानंतर भविष्य निर्वाह निधी, पतसंस्था, विमा व बँक यांतील नामनिर्देशन तपासावे.

दोन : वारसा. बौद्धांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. त्यानुसार मृत पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचा हिस्सा समान असतो. म्हणजे विवाहित मुलीलाही हक्क आहे आणि वृद्ध आईलाही. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण मालकी वारसांची असते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असतील तर ती रक्कम त्यांचीच मानली जाते. हा फरक घरच्यांना समजावून सांगावा.

तीन : विवाह नोंदणी. बौद्ध पद्धतीने मंगल परिणय झाला, फोटोही निघाले, पण नोंदणी राहून गेली, अशी उदाहरणे आहेत. पत्नी म्हणून हक्क सांगताना पुराव्यासाठी धावाधाव होते. विवाह नोंदणीचा राज्याचा कायदा १९९८ चा आहे. ज्यांची नोंदणी राहिली असेल त्यांनी ती करून घ्यावी.

चार : सेवेचा तपशील. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना आली. आपण कोणत्या योजनेत आहोत हे पत्नीला माहीत असावे. अनुकंपा नियुक्तीच्या अर्जालाही मुदत असते. दुःखात महिने निघून जातात, म्हणून संस्थेच्या एका कार्यकर्त्याने सेवापुस्तक, मृत्यूचा दाखला आणि अर्ज यांची जबाबदारी पहिल्याच पंधरवड्यात स्वतःकडे घ्यावी. कार्यालयात एकट्या बाईने खेपा घालणे आणि सोबत कोणी जाणते माणूस असणे, यात किती अंतर आहे हे त्या भगिनींना विचारावे.

धम्माची शिकवण

परस्पर साहाय्य ही परक्याकडून घेतलेली कल्पना नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला आहे. त्यात मित्राची कर्तव्ये सांगताना दान, प्रिय वचन, हिताचे आचरण आणि समान वागणूक यांचा उल्लेख येतो. खरा मित्र संकटात सोडून जात नाही, त्याच्या मालमत्तेचे रक्षण करतो आणि त्याच्या कुटुंबाचाही आदर राखतो, असेही तेथे सांगितले आहे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदांच्या मदतीने त्याला स्वतः आंघोळ घातली. मग भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले की, तुमची काळजी घ्यायला येथे आई-वडील नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. गाव सोडून पोलीस वसाहतीत राहणाऱ्या आपल्या बांधवांनाही हे तंतोतंत लागू पडते.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असे सांगितले होते. यांतील बंधुतेची परीक्षा अशाच वेळी होते.

सन्मान कसा करावा?

शेवटी एक स्पष्ट बोलतो. आपल्या समारंभांत विधवा भगिनीला व्यासपीठावर बोलावून पाकीट दिले जाते, छायाचित्र काढले जाते, रक्कम ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे हक्काची रक्कम भिक्षेसारखी दिसू लागते. तिच्या पतीने वर्षानुवर्षे वर्गणी भरली होती. ती रक्कम त्याच्या कष्टाची आहे. कोणाच्या आईने सर्वांसमोर हात पुढे केलेला तिच्या शाळकरी मुलाने का पाहावा?

म्हणून आमची सूचना अशी आहे. मदत घरी द्यावी, मान व्यासपीठावर द्यावा. दोन पदाधिकाऱ्यांनी घरी जाऊन रक्कम बँकेत जमा झाल्याचा कागद हाती द्यावा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा असावा, गावजेवणासाठी कर्ज काढू नये आणि काढू देऊ नये. वार्षिक समारंभात मात्र प्रत्येक दिवंगत सभासदाचे नाव उभे राहून वाचावे. हुद्द्याचा क्रम लावू नये. निरीक्षक असो वा शिपाई, गोळीने गेलेला असो वा आजाराने, नाव एकाच यादीत असावे. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे पहिली मेणबत्ती त्या घरच्या पत्नीने किंवा आईने लावावी. त्यांच्या मुलांपैकी जी शिकत असतील त्यांच्या वह्या-पुस्तकांची चौकशी वर्षातून एकदा नव्हे, दर परीक्षेच्या वेळी व्हावी.

या स्मरणिकेतील दिवंगतांच्या यादीवर वाचकांनी हात ठेवून क्षणभर थांबावे. नंतर घरातील कपाट उघडून आपला नामनिर्देशनाचा फॉर्म काढावा व त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. यादीतील बांधवांना याहून उपयोगी आदरांजली आम्हांला सुचत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!