नगरपालिका आणि वाफेचा रोलर

रस्त्यावर नवी खडी पसरली म्हणजे रस्ता तयार झाला असे नव्हे. खडीचे तुकडे एकमेकांत घट्ट रुतून बसेपर्यंत तो केवळ दगडांचा ढीग असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातील रस्त्यांची देखरेख १८१६ साली जॉन लाउडन मॅकॅडम यांच्याकडे आली. खडीचा तुकडा सहा औंसांहून जड नसावा, असा त्यांचा दंडक होता. मात्र ती खडी दाबण्याचे काम त्यांनी रहदारीवरच सोपविले होते. म्हणजे रस्ता पक्का होईपर्यंतची झीज घोड्यांच्या टापांनी आणि गाड्यांच्या धावांनी सोसावयाची. रस्त्याच्या जमाखर्चात या खर्चाची नोंद कोठून असणार?

पुढे घोडे जुंपून जड रूळ फिरविण्याची पद्धत आली. तिच्यात एक मूळचाच दोष होता. रूळ दगड दाबण्यापूर्वी त्याच्यापुढे चालणारे घोडे तेच दगड टापांनी उखडीत. शिवाय रस्त्याच्या टोकाशी पोचल्यावर जनावरे सोडून ती पुन्हा दुसऱ्या बाजूस जुंपावी लागत. वाफेच्या यंत्राला या दोन्ही अडचणी नव्हत्या. ते जसे पुढे जाई, तसेच मागे येई. आणि त्याच्या पुढे दगड विसकटणारे कोणी नसे.

अशा यंत्राचा एक अगदी आरंभीचा नमुना भारतातील शहरासाठी घडविला गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कलकत्ता नगरपालिकेचे अभियंते विल्यम क्लार्क आणि बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. एफ. बाथो यांनी १८६३च्या सुमारास त्याचा आराखडा केला होता. त्यानंतर रोचेस्टरच्या टॉमस अ‍ॅव्हलिंग यांनी रोलरचा कारखानदारी धंदा उभारला. त्यांच्या कारखान्याचा ३० टनी रोलर १८६७ साली लिव्हरपूल शहराने घेतला. एवढे वजन उपकारक ठरेलच असे नाही, कारण रस्त्याखालून पाण्याचे आणि गॅसचे नळ गेलेले असतात. पुढील काळात १० ते १५ टनांचे रोलर अधिक रूढ झाले.

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन शहरातील प्रॉस्पेक्ट पार्कनेही अ‍ॅव्हलिंग यांचा रोलर मागविला. तेथील मुख्य अभियंत्यांनी मांडलेला हिशेब असा: आठ घोड्यांनी ओढलेल्या ७ टनी रुळाचा रोजचा खर्च २० डॉलर, त्याला जे काम करावयास दोन दिवस लागत, ते वाफेचा रोलर एका दिवसात १० डॉलरांत करी. एकाच कामाचे ४० डॉलर आणि १० डॉलर, असा हा फरक होता.

हिशेब मोहक आहे. तथापि तो यंत्र चालू असलेल्या दिवसाचा आहे. काम नसलेल्या दिवशी यंत्र कोळसा खात नाही हे खरे; परंतु त्यात गुंतलेले करदात्यांचे पैसे अडकून पडतात आणि बाष्पकाची निगा चुकत नाही. मोठ्या शहरात वर्षभर रस्ते निघतात, लहान गावात ते निघत नाहीत. म्हणून इंग्लंडमध्ये भाड्याने रोलर देणारे ठेकेदार पुढे आले. यंत्राबरोबर चालकही त्यांचाच असे. रोलरच्या मागे त्याच्या मुक्कामाची चाकांवरची खोली आणि पाण्याची गाडी जोडलेली असे. एका गावची खडी दाबून झाली की हा सारा तांडा संथपणे पुढच्या गावाची वाट धरी.